परंड्याहून निघालेलं पाणी

परंड्याच्या किल्ल्यात लोक तोफा बघायला जातात. किल्ला भुईकोट, भोवती खंदक, तटाला एकामागून एक बुरूज आणि बुरुजांवर अजूनही पडून असलेल्या जुन्या तोफा. त्यांच्या तोंडांवरची जनावरं, अंगावरचं कोरीवकाम यांवर हात फिरवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पण या किल्ल्यातली सगळ्यात मोठी तोफ आज इथे नाही. 1632 मध्ये आदिलशाहीनं ती परंड्याहून विजापूरला नेली आणि तिथल्या शेर्झा बुरुजावर चढवली. तीच मुलुख-ए-मैदान. ती ओतली गेली 1549 मध्ये अहमदनगरात. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा कारागीर, आणि त्यानं आपलं नाव त्या धातूवर कोरून ठेवलं आहे. पावणेपाचशे वर्षं उन्हापावसात उभ्या असलेल्या तोफेवर तिच्या कर्त्याचं नाव अजून वाचता येतं.

त्याच परंड्याशी नातं सांगणारी आणखी एक गोष्ट आहे. तिनं कोणाला मारलं नाही, तिच्यावर कोणाचं नाव कोरलेलं नाही आणि तिचा बराचसा भाग जमिनीखाली आहे. मला मागोवा घ्यायचाय तो तिचा. ती गोष्ट म्हणजे पाण्याची नहर. ती जिच्यामुळे झाली ती व्यक्ती आफ्रिकेतून गुलाम म्हणून दख्खनेत आली आणि तिच्या हाती पहिल्यांदा राज्य आलं ते परंड्यात.

सीना नदीपासून सुरुवात केलेली बरी. अहमदनगर सीनेच्या काठी वसलं. तीच सीना पुढे करमाळा-परंड्याच्या मुलखातून वाहत भीमेला मिळते. 1600 मध्ये नगर लढवणारी चांदबीबी मारली गेली, नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि निजामशाहीची राजधानी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली सरकावी तशी परंड्याला आली. शाही घराण्यातला अली नावाचा तरुण इथे मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवण्यात आला. त्याला बसवणारा, आपली मुलगी त्याला देणारा आणि राज्याचा कारभार हाती घेणारा मलिक अंबर. तेव्हा त्याचं वय पन्नाशीचं होतं.

हा माणूस कुठून आला, ते बघायला नकाशा बराच पश्चिमेकडे सरकवावा लागतो. जन्म 1548च्या आसपासचा, हबशाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. नाव चापू. लहानपणीच विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचा बाजार, मग बगदाद. तिथल्या मीर कासिम नावाच्या धन्यानं त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि नवं नाव दिलं, अंबर. हबशी गुलामांना अशी नावं देण्याची रीतच होती. अंबर, याकूत, रैहान, मर्जान, काफूर. सुगंध आणि रत्नं. माणसाचं आईबापांनी ठेवलेलं नाव पुसायचं आणि त्याजागी अत्तराच्या पेटीतलं एखादं नाव चिकटवायचं. हे मी मुद्दाम इथे सांगतो, कारण पुढे एका नहरीला त्याच नावानं ओळखलं जाणार आहे.

दख्खनेत त्याला विकत घेतलं निजामशाहीच्या चंगीझखान या वजिरानं. चंगीझखान स्वतः हबशी होता, गुलामीतूनच वर आलेला. हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल, पण दख्खनेत ते घडत होतं. इथले सुलतान लढाईसाठी आणि कारभारासाठी हबशी आणत आणि तो माणूस कर्तबगार निघाला तर वजिरीपर्यंत पोचे. चंगीझखान मेल्यावर त्याच्या बायकोनं अंबरला मोकळं केलं. विजापूरच्या चाकरीत त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. मग तो नगरला परतला आणि नगर पडायच्या धामधुमीत त्यानं आपली फौज उभी केली. हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि मराठे तर होतेच.

परंडा ही कोरडी जागा. बालाघाटाच्या पायथ्याकडचा हा पट्टा पावसाच्या सावलीत येतो. इथल्या माणसाला पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. 1972चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून आहेत, आणि सीना-कोळेगावचं धरण झाल्यावरही उन्हाळ्यात आभाळाकडे बघणं काही सुटलेलं नाही. अशा मुलखात दरबार, फौज, घोडे, हत्ती ठेवायचे म्हणजे कारभाऱ्याला पहिला हिशेब पाण्याचा करावा लागत असणार. परंड्यानं मलिक अंबरला काय शिकवलं याची नोंद कोणी केलेली नाही. पण राज्य हाती आल्यावर पहिली काही वर्षं ज्यानं अशा जागी काढली, त्याच्या पुढच्या कामात पाणी इतकं मोठं का झालं, याचं मला नवल वाटत नाही.

आता नहरीची वंशावळ. तिचं मूळ इराणात. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतलं पाणी गाठायचं, तिथून बोगदा काढायचा, त्याला अगदी बेताचा उतार द्यायचा आणि ते पाणी उपसा न करता गावापर्यंत चालत आणायचं. अधूनमधून वरून कूपक खणायचे, म्हणजे माती काढता येते, हवा खेळते आणि पुढे दुरुस्तीही करता येते. इराणात याला कनात म्हणतात, आपल्याकडे कारेझ. बहमनी काळात ही विद्या बीदरला आली. बीदरची कारेझ अजून बघता येते. निजामशाहीनं नगरच्या आसपासच्या डोंगरउतारांवरून खापरी नळांनी पाणी आणलं, बागा फुलवल्या. फराहबागेचा महाल तर भर पाण्यात उभा केला होता. नगरजवळच्या भातोडीला सलाबतखानानं तलाव बांधला. अंबरनं हे सगळं तरुणपणी पाहिलेलं. भातोडीच्या त्या तलावाला तो विसरलाही नाही. 1624 मध्ये मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजा त्याच भागात आल्या, तेव्हा त्यानं तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला आणि त्यांची वाट बंद केली. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथे पडले. पाणी कुठं अडवायचं आणि कुठं सोडायचं हे कळणाऱ्या माणसाचा हा डाव होता.

राजधानी परंड्याला फार वर्षं राहिली नाही. ती जुन्नरकडे गेली, मग दौलताबादला. आणि 1610 मध्ये दौलताबादजवळच्या खडकी नावाच्या गावी अंबरनं नवं शहर मांडायला घेतलं. नावातच सगळं आलं. खडकाळ, उजाड जागा, जवळून खाम नदी जाते पण ती बारमाही भरवशाची नाही. इथे त्यानं 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभारला. नौखंडा महाल बांधला. मराठा सरदारांना वस्तीसाठी जागा दिल्या, मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी पुऱ्यांची नावं त्या सरदारांवरून पडली. शहर मांडताना वस्तीची नावं चाकरीतल्या मराठ्यांवरून ठेवणारा हा हबशी वजीर मला फार मोठ्या मनाचा वाटतो.

आणि मोगलांनी ते शहर जाळलं. 1616 मध्ये जालन्याजवळ रोषणगावला अंबरचा पराभव झाला, मोगल फौज खडकीत शिरली आणि तिनं शहर उद्ध्वस्त केलं. मोगल माघारी गेल्यावर अंबरनं खडकी पुन्हा उभी केली आणि याच काळात, 1617च्या सुमारास, नहरीचं काम उरकलं. तीच नहर-ए-अंबरी.

सांगतात की डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणायचा बेत ऐकून दरबारातली जाणती माणसं हसली होती. हसावं असंच ते होतं. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी, जमिनीच्या पोटातून, उताराच्या जोरावर, न पंप न मोट, कित्येक वळणं घेत गावात आणायचं. उतार थोडा जास्त दिला तर पाणी नळ फोडतं, थोडा कमी दिला तर गाळ बसतो आणि नहर बंद पडते. अंतराच्या मानानं हा फरक बोटांनी मोजण्याइतका. तो मोजणारे लोक कोण असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

शहरात आल्यावर पाणी खापरी नळांतून फिरतं. जागोजाग दगडी मनोरे उभे केलेले. परका माणूस ते बघून विचारतो, ही थडगी आहेत का? तर ती नहरीची नाकं आणि कान. पाणी आपल्या पातळीवर चढण्याचा प्रयत्न करतं, मनोऱ्यात ते वर येतं, अडकलेली हवा सुटते, दाब हलका होतो आणि मग ते पुढच्या नळात उतरतं. नाहीतर बंद नळात कोंडलेली हवा नळ फाडून बाहेर पडली असती. तिथून पाणी हौदांत आणि हौदांतून चौकाचौकांत.

नहर जमिनीखाली काढण्यात आणखी एक शहाणपण होतं. ज्याचं शहर नुकतंच जळून गेलंय त्याला ते सुचणारच. दरवाजे पाडता येतात, महाल जाळता येतो. पण पुरुषभर खोल गाडलेला पाण्याचा रस्ता शत्रूला सहज दिसत नाही. 1621च्या सुमारास मोगलांनी खडकीवर पुन्हा हल्ला केला आणि पुन्हा राख केली. नहर टिकली. पुढे कितीतरी पिढ्या ती वाहत राहिली.

इथे थोडं उत्तरेला बुऱ्हाणपूरला जाऊन यायला हवं. 1615 मध्ये तिथे अब्दुल रहीम खानखानानं डोंगरातलं पाणी शहरात आणण्यासाठी अशीच भूमिगत रचना उभी केली, कुंडी भंडारा. जमिनीत एका रांगेत कुंड्या खणलेल्या आणि खालून बोगद्यातून वाहणारं पाणी. खानखाना म्हणजे दख्खनेत अंबरविरुद्ध वर्षानुवर्षं लढलेला मोगल सेनापती. रणात एकमेकांसमोर उभे असलेले हे दोघं त्याच दोन-तीन वर्षांत आपापल्या शहरात एकाच विद्येनं पाणी खेळवत होते. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांच्या तारखा रकाने भरून असतात. मला या दोन नहरींच्या तारखा शेजारी शेजारी लिहाव्याशा वाटतात.

अंबरनं पाण्याइतकंच लक्ष जमिनीकडे दिलं. मोजणी झाली, प्रतवारी झाली, सरकारी वाटा आधी पिकाच्या दोन-पंचमांश ठेवला, मग तो रोखीत सुमारे एक-तृतीयांशावर आणला. ‘मलिकंबरी’ हा शब्द पुढे मराठी कागदांत या पद्धतीसाठी रूढ झाला. महसुलाचा विषय मोठा आहे, तो इथे खोलात नेत नाही. एवढंच की वावरात खपणाऱ्याला किती उरेल याचा विचार त्यात होता. कवींद्र परमानंदानं ‘शिवभारता’त या हबशाचा आदरानं उल्लेख केला आहे, तोही शिवाजीमहाराजांच्या चरित्रात.

मोगल बादशहा जहांगीरला मात्र तो आदर दाखवणं जमलं नाही. अबुल हसन या चित्रकारानं साधारण 1616 मध्ये रंगवलेल्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात असं कधी घडलं नाही. मोगलांना अंबर हाती लागला नाही. 1626 मध्ये ऐंशीच्या घरात तो आपल्या मरणानं मेला आणि खुलताबादला पुरला गेला. जगभर आज तो ओळखला जातो तो बहुधा या आणि अशा चित्रांमुळे. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या शॉम्बर्ग ग्रंथालयानं, जिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं जतन होतं, भारतातल्या आफ्रिकी लोकांवर प्रदर्शन भरवलं, त्यात अंबरचं स्थान मोठं होतं. तिथल्या काळ्या मुलामुलींना त्यात आपल्यातला एक सेनापती दिसला. मला वाटतं, त्यांना त्याच्या नहरीचा एखादा तुकडाही दाखवायला हवा होता. आपल्या मराठी मनातसुद्धा हबशी म्हटलं की जंजिऱ्याचा सिद्दी, पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर अशी तलवारीचीच चित्रं उभी राहतात. दख्खनेत आलेल्या आफ्रिकी हातांनी काय घडवलं, हे आपण फारसं विचारत नाही. अहमदाबादच्या सिदी सय्यदच्या मशिदीतली, झाडाच्या फांद्यांसारखी दगडी जाळी अख्ख्या गुजरातची खूण बनली. सिदी सय्यद हबशी होता, हे मात्र त्या जाळीसमोर फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं!

नहरीला लेकरं झाली. खडकी मोगलांच्या ताब्यात गेल्यावर पुढच्या काळात तिथे आणखी नहरी निघाल्या. त्यांतली सगळ्यात नावाजलेली पाणचक्कीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्या नहरीचं पाणी उंचावरून हौदात कोसळतं आणि त्या जोरावर जातं फिरायचं, पीठ निघायचं, फकीर-मुसाफिरांची भाकरी व्हायची. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजहून शहरात पाणी आणलं. त्या नळालाही हवा सोडायला ठिकठिकाणी दगडी मनोरे आहेत. पुण्यात त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. इतका नेमका शब्द मला दुसऱ्या कोणत्या बांधकामासाठी ऐकल्याचं आठवत नाही. कोणी कोणाकडून शिकलं याचा कागद नसेल, पण घराणं एकच आहे. नगर, खडकी, बुऱ्हाणपूर, पुणे, सगळीकडे तीच युक्ती. पाण्याला चालतं ठेवायचं आणि त्याला श्वास घेऊ द्यायचा.

कोकणातल्या हबशांनीही पाणी आणलं. जंजिऱ्याच्या किल्ल्यात चहूबाजूंनी खारा समुद्र असताना आत गोड्या पाण्याचे तलाव आहेत. आणि मुरूडला आजही गारंबीच्या धरणाचं पाणी येतं, ते सिद्दी नवाबांच्या काळातलं काम.

थोडं वाट सोडून एक सांगतो. कर्नाटकातल्या खानापूर, हल्याळ, यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी वस्त्या आहेत. पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून आलेल्या गुलामांचे हे वंशज, कोंकणी-मराठी-कन्नड मिसळलेली बोली बोलतात. तिथल्या बाया जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. आपल्या वाकळीची ती सख्खी बहीण. कवंदी पुरी झाली की तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून ‘फुलं’ लावतात. फूल नसलेली कवंदी उघडी, नागडी समजली जाते. कोणी नाव शिवत नाही. पण चार टोकांवर फूल असतंच.

कर्त्याच्या खुणेचा हा प्रश्न मला परंड्यापासून छळतोय. रूमीनं तोफेवर नाव कोरलं. ज्या हबशाला आईबापांचं नाव ठेवायची मुभा नव्हती त्याला धन्यानं दिलेलं अत्तराचं नाव नहरीला चिकटलं. त्याच्या शहराला मात्र त्याचं नाव कधीच मिळालं नाही. खडकीचं त्याचा मुलगा फतेहखानानं फतेहनगर केलं, 1653 मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झालं आणि 2023 पासून सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर. नावं येतील-जातील. नहरीच्या रस्त्यावर मात्र इमारती आल्या, रस्ते खणले गेले, मनोरे फुटले, काही भाग कायमचा बुजला. आज या शहराला पाणी येतं ते जायकवाडीच्या नाथसागरातून, मोठे पंप लावून, उंचावर चढवून, आणि कित्येक वस्त्यांत ते काही दिवसांच्या अंतरानं येतं. चारशे वर्षांपूर्वी हेच शहर वीज नसताना पाणी पीत होतं, हे सांगताना माझा आवाज चढतो आणि मी तो खाली आणत नाही. जी नहर शिल्लक आहे ती स्वच्छ करून राखली, तर एखाद्या वस्तीचे हौद तरी पुन्हा भरतील.

तरी एका गोष्टीचा मागोवा अजून लागलेला नाही. नहर अंबरनं ‘केली’ म्हणतात, पण खणली कोणी? बोगद्यात कुदळ चालवणारे बेलदार-वडार, मनोऱ्यांचे दगड घडवणारे पाथरवट, चुना मळणारे गवंडी, आणि सगळ्यात जास्त, हजारो खापरी नळ घडवणारे कुंभार. एकेक नळ चाकावर वळायचा, एक तोंड किंचित अरुंद ठेवायचं म्हणजे ते पुढच्या नळात बसेल, भट्टीत भाजायचा, चुन्यानं सांधायचा. एखादा नळ कच्चा निघाला तर सगळी नहर तिथे गळणार. त्या कामगारांत हबशी असतील, दख्खनी असतील, मराठे असतील, पण त्यातल्या एकाचंही नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

पण असा जुना खापरी नळ कुठे फुटलेला मिळाला तर त्याची आतली बाजू बघावी. चाकावर फिरत्या ओल्या मातीला आतून दाबून धरणाऱ्या बोटांच्या वळ्या तिथे उमटलेल्या असतात, एकाखाली एक, तोंडापासून तळापर्यंत. चुन्याचं पांढरं कवच चढलं असलं तर नखानं जरा खरवडावं लागतं. मग त्या वळ्यांवर आपलं बोट अगदी बरोबर बसतं.